शिडी गाडीवरच राहिली

नऊ वर्षं मी ली गावाच्या छपरांवर काढली.
कुणाचं धुराडं हलतं, कुणाच्या पन्हळीत
टेनिसचे किती चेंडू अडकलेत,
हे मला नगरपालिकेपेक्षा जास्त ठाऊक.
तबकडी भिंतीला ठोकायची,
तोंड दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे कललेलं,
आणि मीटर कानाशी धरून
पेर-पेर सरकवत राहायची,
बीप, बीप, मग एकदाचा सलग सूर.
आकाश लागलं, असं आम्ही म्हणायचो.
खालून, घरातून, कुणीतरी ओरडायचं:
आलं! आलं!

मग कंपनीने आम्हाला प्रेस्टनच्या एका हॉटेलात
दोन दिवस बसवलं. बिस्किटं चांगली होती.
पडद्यावर तीन वर्तुळं, टीव्ही, फोन, इंटरनेट,
आणि ती जिथे एकमेकांत शिरतात तिथे
एकच बिल.
डेरेक हूलिहान, ज्याचा जन्म शिडीवर गेला,
माझ्याकडे झुकून म्हणाला,
"इतकी वर्षं वर बघून पोट भरलं,
आता गुडघ्यांवर."

खरंच की.
आता मी जिन्याखाली रांगतो.
छत्र्या, झाडू, मेलेल्या कुत्र्याचा पट्टा बाजूला सारून
फोनचं सॉकेट शोधतो,
जे दुसऱ्याच कंपनीचं,
तार दुसऱ्याच कंपनीच्या खांबावरची,
शिव्या मात्र माझ्या शर्टावरच्या चिन्हाला.

मिसेस एन्टविसलची तबकडी मीच लावलेली.
अठ्ठ्याण्णव साली. नॉर्मनने शिडीचा पाय धरला होता
एका हाताने, दुसऱ्यात चहा.
शुक्रवारच्या रग्बीच्या आत झालं पाहिजे, एवढंच बोलला होता.
आता ती खुर्ची भिंतीकडे सरकवलेली,
आणि टेबलावर बिस्किटांचे डबे,
डब्यांत सामन्यांच्या पुस्तिका,
सालांप्रमाणे, प्रत्येक प्लॅस्टिकच्या पिशवीत.

"वेग किती?" तिने विचारलं.
सगळेच विचारतात. मी पाठ केलेला आकडा सांगितला.
"येणारा नाही रे. जाणारा."

मी थांबलो.
नऊ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
विचारणार कसं? तबकडी नुसती घेते,
घर गप्प बसून ऐकतं,
उलट बोलायची सोयच नाही तिच्यात.

"चारशे अकरा आहेत," ती म्हणाली,
"प्रत्येकाचे दोन फोटो वर चढवायचे.
हलमधल्या एकाने आधीच सहा मागितल्यात."

राउटरचा तिसरा दिवा बराच वेळ नारिंगी राहिला.
मग हिरवा. मोजून पाहिलं:
येणारा साडेसात, जाणारा अर्धासुद्धा नाही.
लाजून आकडा दाखवला.
तिने भिंग लावून वाचला आणि हसली.
"येतं भरपूर, बाहेर पडतं थेंबभर.
नॉर्मनचंही असंच होतं. चालेल."

मग विचारलं, टीव्ही बंद करायला कुणाला सांगायचं.
याचंही प्रशिक्षण झालं होतं. मन वळवायचं असतं.
मी म्हटलं, पाच दाबा.
ते सूट देतील, नाही म्हणा. आणखी सूट देतील, नाही म्हणा.
तिसऱ्यांदा जरा आवाज चढवा.

"आणि ती?" तिने खिडकीतून वर बोट केलं.
तबकडी उतरवणं आमच्या कामात धरत नाहीत,
तरी मी म्हटलं, शिडी आहे, दहा मिनिटं लागतील.
तिने थोडा विचार केला.
"नको. भिंतीला भोकं दिसत राहतील."

निघताना एक पुस्तिका विकत घेतली.
दीड पौंड. ली विरुद्ध विड्नेस, त्र्याऐंशी,
कव्हरवर कपाचं गोल वळं.
रग्बीतलं मला ओ की ठो कळत नाही.
तिने पावती दिली, वहीत लिहिलं,
आणि चारशे अकराचे
चारशे दहा केले.